एक मूठ जास्त : हिवाळ्यात छोट्या बोटीने उत्तरेकडे



मंडळाच्या कोजागिरीला मी फिजीच्या बोटप्रवासाबद्दल थोडेसे बोललो, तेव्हापासून तीन-चार जणांनी फोन करून विचारले, "अरे, असे जायचे तर खर्च किती येतो? आणि ब्लडप्रेशर असेल तर चालते का?" दोन्ही प्रश्न आरोग्य आणि अर्थ या सदरातच बसणारे, म्हणून हा लेखप्रपंच. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दर्यावर्दी नाही. तेव्हा हा लेख एका नवशिक्याने नवशिक्यांसाठी लिहिला आहे असे समजून वाचावा. त्यात माझ्या चुका जास्त आहेत, कारण शिकलो तो त्यांच्यातूनच.

हिवाळ्यात उत्तरेला का?

अमेरिकेतले हौशी नावाडी थंडी सुरू झाली की छोट्या बोटी घेऊन दक्षिणेला, फ्लोरिडा-बहामाजकडे निघतात. आपण पृथ्वीच्या खालच्या अंगाला असल्यामुळे आपल्याकडे सगळे उलटे. इथल्या शिडाच्या बोटी मे-जूनमध्ये उत्तरेला टोंगा, फिजी, वानुआतूकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत येतात.

यामागे उन्हाची हौस आहेच, पण खरे कारण चक्रीवादळांचे आहे. दक्षिण पॅसिफिकमध्ये वादळांचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असा धरतात. त्या काळात छोट्या बोटीने उष्ण कटिबंधात राहू नये हा साधा नियम. आपल्याला हे नवीन नाही. कोकणातला कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात लोटतो. महाराष्ट्रात आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. समुद्राचे पंचांग असते आणि ते पाळावे लागते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊकच होते.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाजवळच्या ओपुआ बंदरापासून फिजीतले सावुसावू साधारण ११०० ते १२०० सागरी मैल आहे. दहा-अकरा मीटरची बोट ताशी साडेपाच सागरी मैल या चालीने दिवसाला १३० मैल कापते. म्हणजे सगळे सुरळीत झाले तर नऊ दिवस. हे "सगळे सुरळीत झाले तर" नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिथेच आहे.

माझा नेमका हिशेब

माझे एक ज्येष्ठ कीवी सहकारी निवृत्त झाले आणि पत्नीसह बोटीने फिजीला निघाले. रात्रपाळीच्या पहाऱ्याला तिसरा माणूस हवा होता. मी वीकेंडला त्यांच्याबरोबर शिडाच्या दोऱ्या ओढत असे, म्हणून मला विचारले. मी उडीच मारली. त्यांना मी मनातल्या मनात "तांडेल" म्हणत असे, इथेही तसेच म्हणतो.

रजा वर्षाची चार आठवडे. ती सगळी टाकली आणि कोष्टक मांडले : तीन दिवस ओपुआत तयारी, नऊ दिवस समुद्र, मग फिजीत पंधरा दिवस आणि सत्ताविसाव्या दिवशी नांदीहून ऑकलंडचे विमान. तिकीट स्वस्तातले, न बदलणारे. मला दोन वर्षांपासून ब्लडप्रेशरची एक गोळी रोज आहे, तर गोळ्या घेतल्या अठ्ठावीस. पैसेही मोजून. तक्ता इतका सुबक झाला की मी तो सौ.ला दाखवला. तिने पाहिला आणि म्हणाली, "अरे, भात लावताना सुद्धा आपण एक मूठ जास्त घालतो. कोणी आलं तर असू दे म्हणून. यात ती मूठ कुठे आहे?"

मी हसलो. वास्तविक कचेरीत कोणी विचारले की "हा प्रोग्रॅम किती दिवसांत होईल?", तर मनात येईल त्याच्या दुप्पट दिवस सांगायचे, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकलो होतो. स्वतःच्या बाबतीत मात्र विसरलो.

दुसरी चूक याहून मोठी. निघण्यापूर्वी तांडेलांनी एक आरोग्याचा फॉर्म भरायला दिला : आजार, औषधे, ॲलर्जी. मी "काही नाही" असे लिहिले. नेणार नाहीत अशी भीती वाटली, आणि सदतिसाव्या वर्षी ब्लडप्रेशर आहे हे सांगायची थोडी लाजही वाटली.

बंदरात चौदा दिवस

इथला हिवाळी वारा समजून घेण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियाकडून टास्मान समुद्रावरून जास्त आणि कमी दाबाचे पट्टे एकामागून एक पूर्वेकडे सरकत येतात, ढोबळमानाने आठवड्याला एक फेरा. कमी दाबाचा पट्टा पुढे सरकला की त्याच्या पाठीमागे नैर्ऋत्येचा वारा सुटतो. उत्तरेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. मागून जास्त दाब येत असला म्हणजे पुढचे काही दिवस बरे जातात. याला इथले लोक हवेची खिडकी म्हणतात. ती उघडेपर्यंत थांबायचे.

आमची खिडकी उघडेना. एक पट्टा गेला की दुसरा तयार. मी रोज सकाळी हवामानाचा नकाशा पाही आणि मग माझा तक्ता पाही. नवव्या दिवशी वारा जरा मवाळ झाला. मी तांडेलांना म्हटले, "आज निघालो तर जमेल. माझे तिकीट आहे." ते शांतपणे म्हणाले, "विमानाच्या तिकिटासाठी मी समुद्रात जात नाही. तुला घाई असेल तर बस ऑकलंडला जाते."

मला राग आला. संध्याकाळी त्यांच्या पत्नीने चहा करता करता जून १९९४ ची हकिकत सांगितली. राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीच्या सुमारास बऱ्याच बोटी न्यूझीलंडहून टोंगाकडे निघालेल्या होत्या. वाटेत कमी दाबाचा पट्टा पाहता पाहता विलक्षण तीव्र झाला. विमाने आणि जहाजे यांच्या मदतीने २१ जणांना वाचवण्यात आले. 'क्वार्टरमास्टर' नावाची बोट तिच्यावरच्या तिघांसह गेली. ती मंडळी अननुभवी नव्हती. "हवा चांगली पाहून निघालो तरी असं होऊ शकतं," त्या म्हणाल्या, "मग वाईट पाहून कशाला निघायचं?"

दोन दिवसांनी तो पट्टा आमच्यावरून गेला. बंदरात बांधलेल्या बोटीत मला उभे राहता येईना. ज्या दिवशी मी निघायचा हट्ट धरला होता, त्या दिवशी निघालो असतो तर ती रात्र उघड्या समुद्रात काढावी लागली असती. त्यानंतर मी तक्ता खिशातून काढला नाही.

समुद्रावर

सतराव्या दिवशी निघालो. सतरा आणि नऊ सव्वीस, विमान सत्ताविसाव्या दिवशी! मनातला हिशेबनीस पुन्हा जागा झाला.

पहिले तीन दिवस मला समुद्र लागला. पोटात काही ठरत नव्हते. सुदैवाने तांडेलीणबाईंना मी आधीच जलसंजीवनीचे माप देऊन ठेवले होते : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. घोट घोट घ्यायचे. चौथ्या दिवशी मऊ खिचडी आणि मेतकूट खाल्ले आणि जीव आला. (ज्यांना जायचे असेल त्यांनी प्रेशर कुकर नक्की न्यावा. झाकण घट्ट बसते, बोट कलली तरी सांडत नाही, गॅस निम्म्याने वाचतो. आमच्या बोटीवर डोलकाठीखालोखाल मान कुकरला होता.)

त्याच दिवशी लक्षात आले की आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी खाऱ्या पाण्यात उघडी पडली होती. सात गोळ्यांचा लगदा झाला होता. म्हणजे एकविसाव्या दिवसानंतर गोळी नाही. मी कोणाला बोललो नाही. पाच दिवसांचा तर प्रश्न, असे मनाला समजावले.

पण मध्येच वारा समोरून फिरला. तांडेलांनी मिनर्व्हा प्रवाळद्वीपात नांगर टाकला. भर महासागरात प्रवाळाचे एक कडे, आत शांत पाणी आणि नजर पोहोचेल तिथवर जमीन नाही. तिथे तीन दिवस थांबलो. आयुष्यातले ते सर्वांत सुंदर दृश्य असेल, पण माझे डोके ठणकत होते. विमान चुकणार हेही नक्की झाले. शेवटी मी तांडेलांना गोळ्यांचे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोटीला भोक दिसलं असतं तर मला लगेच सांगितलं असतंस ना? मग हे का नाही?"

त्यांनी उपग्रह फोनवरून माझ्या दवाखान्याला निरोप पाठवला. उत्तर आले : विश्रांती, मीठ कमी, पाणी पुरेसे, छातीत दुखले किंवा बोलणे अडखळले तर ताबडतोब मदत मागा, आणि दुसऱ्या कोणाची गोळी घेऊ नका. माझ्या रात्रीच्या पहाऱ्याच्या वेळा त्या दोघांनी वाटून घेतल्या. साठी ओलांडलेल्या माणसांनी माझी झोप राखली, ही गोष्ट मला अजून टोचते.

तिसाव्या दिवशी सावुसावूला पोहोचलो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी प्रेशर पाहिले : १६८/१०२. त्या हिंदीत बोलत होत्या. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर फिजीला आणलेल्या साठ हजारांवर भारतीयांच्या वंशातल्या. गोळ्या लिहून देताना म्हणाल्या, "समुंदर में दुकान नहीं होती, भैया." एवढेच, पण पुरे होते.

नेमकेपणाची किंमत

बुडालेले तिकीट ४१० डॉलर. नवीन तिकिटे, सावुसावू ते नांदीचे धरून, ६९० डॉलर. चार दिवस बिनपगारी रजा. बदलता येणारे तिकीट पहिल्यांदाच घेतले असते तर १२० डॉलर जास्त पडले असते, आणि गोळ्यांचे जास्तीचे पाकीट तर त्याहून कितीतरी स्वस्त. फिजी पाहिली ती दीड दिवस. यावरून मी तीन नियम केले :

१. दिवस : बोटीला तारीख देऊ नये. समुद्रावर जितके दिवस लागतील असे वाटते, तितकेच दिवस थांबण्यासाठी वेगळे ठेवावेत. ते नसतील तर विमानाने जाऊन बोट तिथे गाठावी. त्यात कमीपणा नाही.

२. औषधे : लागतील त्याच्या दुप्पट, दोन वेगळ्या जलरोधक पिशव्यांत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनच्या प्रतीसह.

३. पैसे : कुठूनही, कोणत्याही दिवशी घरी परत येता येईल इतकी रक्कम बाजूला. तिला हात लावायचा नाही.

चार-सहा महिने जाणाऱ्यांसाठी : आर्थिक बाजू

*बोट :* न्यूझीलंडमध्ये नोंदलेल्या खाजगी बोटीला परदेशी निघण्यापूर्वी सागरी वाहतूक कायदा १९९४ नुसार सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागते. तिला 'कॅटेगरी १' म्हणतात. जीवरक्षक तराफा, ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन, वादळी शिडे अशी यादी लांबलचक आहे. बोट घेताना हा खर्च धरा. बीकन नोंदवून ठेवा, नोंदणी फुकट आहे. न्यूझीलंडच्या बचाव केंद्राकडे सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. एवढ्या पाण्यात आपण कोण, किती जण, हे त्यांना त्या नोंदीवरूनच कळते.

*विमा :* नेहमीच्या प्रवास विम्यात किनाऱ्यापासून दूरचा खाजगी बोटप्रवास अनेकदा वगळलेला असतो. बारीक अक्षरे वाचा आणि लेखी विचारा. घर साठ दिवसांहून अधिक रिकामे राहणार असेल तर बहुतेक करारांत तसे कळवावे लागते, नाहीतर दावा अडतो. परदेशातल्या उपचारांचा खर्च एसीसी देत नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गेलेल्या इथल्या रहिवाशाला अपघात झाला, तर परत आल्यावरच्या उपचारांत सामान्यतः मदत होते.

*किवीसेव्हर :* बिनपगारी रजेत तुमची आणि मालकाची, दोन्ही वर्गण्या थांबतात. किवीसेव्हरचे वर्ष ३० जूनला संपते आणि आपण तर मे महिन्यात निघतो. सरकारचा पूर्ण वाटा मिळायला वर्षात १,०४२.८६ डॉलर तुमच्याकडून जमा व्हावे लागतात. कमी पडत असतील तर निघण्यापूर्वी भरा. जुलै २०२५ पासून हा वाटा निम्मा झाला आहे (जास्तीत जास्त २६०.७२ डॉलर), तरी सोडायचा कशाला? थेंबे थेंबे तळे साचे.

*ज्येष्ठांसाठी :* न्यूझीलंड सुपरॲन्युएशन परदेशी असताना साधारणपणे २६ आठवड्यांपर्यंत चालू राहते. त्याहून जास्त राहिलात तर ३० आठवड्यांच्या आत परत यावे लागते. मे ते ऑक्टोबर यात बरोबर बसते, पण आधी कळवून ठेवावे. भारतात लांब मुक्कामाला जाणाऱ्यांनाही हेच लागू.

*कागदपत्रे :* मृत्युपत्र आणि कायमचे मुखत्यारपत्र करून ठेवा. आपली सही चालेनाशी झाली तर जोडीदाराची सही आपोआप चालत नाही.

आरोग्याची बाजू

*समुद्र लागणे :* बहुतेकांना दोन-तीन दिवसांत उतार पडतो. औषध निघण्यापूर्वी घ्यायचे, उलट्या सुरू झाल्यावर नाही. घरी एकदा घेऊन पाहावे, कारण गुंगी येते. कानामागे लावायची पट्टी काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. पट्टी लावल्यावर हात धुवावेत, डोळ्याला लावू नयेत.

*ब्लडप्रेशर, मधुमेह :* उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले असताना काही गोळ्या (लघवी वाढवणाऱ्या आणि काही प्रेशरच्या, काही मधुमेहाच्या) चालू ठेवल्यास मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. "उलट्या झाल्या तर कोणती थांबवू, कधी सुरू करू?" हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने थांबवू नका.

*डास :* फिजी, टोंगा, सामोआत मलेरिया नाही, वानुआतूत आहे. डेंगी मात्र सगळीकडे होऊ शकतो आणि त्याचा डास दिवसा चावतो. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावे, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, आणि डॉक्टर गाठावा.

*मासे :* आपल्यातल्या मत्स्यप्रेमींनी जपावे. प्रवाळातल्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठलेले असू शकते. चव-वास बदलत नाही आणि शिजवून, तळून ते जात नाही. कोणत्या खडकावरचा कोणता मासा खायचा नाही, ते गावकऱ्यांना विचारावे.

*जखमा :* प्रवाळाचा साधा ओरखडाही चिघळतो. गोड्या पाण्याने लगेच स्वच्छ धुवा, जंतुनाशक लावा, कोरडा ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : बोटीवर जाताना आपला आजार लपवू नये. आपल्या तब्येतीवर बाकीच्यांचा जीव अवलंबून असतो.

शेवटी

आपल्यातले फार थोडे बोटीने फिजीला जातील हे मला ठाऊक आहे. दिलीप दोंदे यांच्यासारखा, गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय (वाटेत ते आपल्या लिटलटनलाही थांबले होते) एखादाच. पण "सगळे सुरळीत झाले तर" या भरवशावर घर चालवणारे आपण पुष्कळ आहोत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात साताऱ्याहून फोन आला. आई अंगणात घसरून पडली होती, खुब्याचे हाड मोडले होते. त्या रात्री सौ.ने बँकेतले ते बाजूला ठेवलेले पैसे दाखवले, मी बदलता येणारे तिकीट काढले, गोळ्यांचे दुसरे पाकीट पिशवीत टाकले आणि सकाळी निघालो. दहा दिवसांसाठी गेलो होतो, सव्वीस दिवस राहिलो. आई काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागली तेव्हाच परतलो. एकदाही तारीख पाहिली नाही.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवण झाल्यावर एक कागद घ्या आणि तीन ओळी लिहा : जास्तीचे दिवस किती, जास्तीची औषधे किती, जास्तीचे पैसे किती. ज्या ओळीपुढे शून्य येईल, तिथून सुरुवात करा. एकदम जमणार नाही, पण भात लावताना घालतो तशी दर महिन्याला एक मूठ घालत जा.

आपला प्रवास सुखाचा होवो.